पंच आपलाच होता

सोमवार उजाडला की घोडेगावच्या त्या शाळेत हजेरीच्या आधी फुटबॉल निघायचा. रविवारची टीव्हीवरची मॅच स्टाफरूममध्ये पुन्हा खेळली जायची, आणि गणिताचे सुभाष सर टेबलावर डस्टर आपटून दर वेळी तेच म्हणायचे.

"सगळे पंच मोठ्या क्लबचे! लहान्याची पेनल्टी असली की यांच्या डोळ्यांत कचरा जातो. मोठ्याची असली की तोच व्हिडिओ दहा वेळा मागं-पुढं करून शोधून काढतात. आहे का नाही?"

खेळाच्या रामनाथ सरांना हे जाम झोंबायचं. रामनाथ पुण्याला जाऊन पंचाची परीक्षा पास झालेला माणूस. तालुक्यात असे दोघं-तिघंच. तो चहाचा कप खाली ठेवून तावातावानं म्हणायचा, "सुभाष सर, शिट्टी तोंडात धरून नव्वद मिनिटं पळा, मग बोला. पंच कुणाचा नसतो. आणि आता तर व्हिडिओ आलाय. कॅमेऱ्याला काय मोठं अन् काय लहान?"

छाती काढून म्हणायचा हो. आता ते आठवलं की त्याच्या कानाच्या पाळ्या तापतात.

झालं असं, की जानेवारीत दादाभाऊंनी गावाबाहेरच्या माळावर स्पर्धा भरवली. दादाभाऊ म्हणजे हायवेकडचं, पेठच्या बाजूचं मोठं प्रस्थ. बटाट्याचं कोल्ड स्टोरेज, दोन पेट्रोल पंप आणि हौसेनं उभा केलेला विक्रांत फुटबॉल क्लब. पोरांना एकसारखे बूट, पुण्याहून येणारा कोच, विचारू नका. जिंकेल त्या संघाला पुढच्या मोसमात पुण्याच्या जिल्हा लीगमध्ये थेट जागा मिळणार होती. एरवी तिथं पोचायला तीन-तीन वर्षं चपला झिजवाव्या लागतात.

आणि यंदाची नवी टूम म्हणजे व्हिडिओ रिव्ह्यू. दोन्ही गोलांच्या मागं काठीला बांधलेला एकेक मोबाईल, मांडवात लॅपटॉप, त्याच्यापुढं दादाभाऊंची पुतणी समृद्धी. प्रत्येक कॅप्टनला मॅचमध्ये एक रिव्ह्यू. त्यानं हवेत बोटानं चौकोन काढला, की पंचानं मांडवात जाऊन बघायचं. आणि पंचाला स्वतःला शंका आली, तर त्यानं कुणी न मागताही बघायचं. नियमात तेही स्पष्ट लिहिलं होतं. नियम कुणी लिहिले होते? रामनाथनंच.

फायनलला विक्रांतच्या समोर आली कळमजाई मंडळाची टीम. ही पोरं पश्चिमेच्या डोंगरातल्या एका वाडीतली. भात निघालं की मोकळ्या खाचरात खेळणारी. बांध हीच त्यांची साइडलाइन. पायांना धसकटं टोचतात म्हणून बॉल पायाशी कमी ठेवायचा आणि पटापट पास करायचा, हा त्यांचा सगळा कोचिंग क्लास. त्या पासांनी त्यांनी तीन संघ लोळवले होते. रामनाथ त्याच वाडीचा. त्यांच्याबरोबर आलेला म्हातारा गेणभाऊ म्हणजे त्याच्या वारलेल्या वडिलांचा जोडीदार. रामनाथ आश्रमशाळेत होता तेव्हा सुट्टीला घरी न्यायला वडिलांना जमलं नाही, की गेणभाऊ यायचा. घाटातून पायी येताना याचं दप्तर त्याच्या खांद्यावर असायचं.

त्या दिवशी सकाळी गेणभाऊ पिकअपमधून उतरला, तोच रामनाथला शिट्टी गळ्यात घातलेला बघून थबकला. मग दोन्ही हात जोडून मोठ्यानं म्हणाला, "सर, नमस्कार!" आणि पोरांकडं वळून हळूच, पण ऐकू जाईल असं म्हणाला, "आपल्या खोऱ्यातला पयला पंच हाय ह्यो. बघून घ्या नीट."

रामनाथला बरं वाटलं आणि लगेच भीतीही वाटली. कारण मांडवात कुजबुज सुरू झाली होती. पंच डोंगरातला आहे, बघू आता कुणाला देतो. दादाभाऊंनी तर हसत हसत खांद्यावर हातच टाकला. "सर, आपलं माणूस, परकं माणूस असलं काही करू नका बरं का! मॅच झाली की तुम्हाला फेटा बांधायचाय, अख्ख्या तालुक्यापुढं. तेवढा मान राखा."

एवढंच. पाकीट नाही, पार्टी नाही, दमदाटी नाही. दादाभाऊ तसला माणूसच नव्हे. पण ते वाक्य रामनाथच्या डोक्यात जाऊन बसलं ते बसलंच. आज कुणाच्या बापाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं.

आणि कसा राखला म्हणता त्यानं मान! पहिल्या दहा मिनिटांत थ्रो कुणाचा अशी शंका आली, दिला विक्रांतला. दोघं एकमेकांवर आदळले, फाउल दिला कळमजाईवर. त्यांचा कॅप्टन संपत नुसतं "सर, मी तर..." म्हणाला, तर त्याला पिवळं कार्ड. प्रत्येक वेळी त्याला वाटत होतं, आपण किती कडक, किती स्वच्छ! विक्रांतचा एक गोल लाइनच्या पंचानं ऑफसाइड दिला, तेव्हा त्यांच्या कॅप्टननं चौकोन काढला. रामनाथ मांडवात गेला आणि चांगली चार मिनिटं लॅपटॉपपुढं वाकला. "अजून मागं घे. थांब. पाय बघ, पाय." समृद्धीनं सहा वेळा फिरवून दाखवलं. गोल बरोबरच होता, त्यानं दिला. त्यात वावगं काही नव्हतं. पण एवढी चार मिनिटं त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आली नाहीत.

हाफटाइमनंतर संपतनं गोल फेडला. सहा पास आणि टोला. हायवेकडच्या लोकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. एक-एक. मॅच शेवटाला आली. घड्याळात दोन मिनिटं उरली असताना विक्रांतला कॉर्नर मिळाला.

बॉल उंच आला. दादाभाऊंच्या भावाचा मुलगा शौर्य, विक्रांतचा हुकमी एक्का, गर्दीत उडाला. डोकं पोचलं नाही. हात पोचला. मनगटानं ढकललेला बॉल गोलकीपरच्या बगलेखालून आत गेला.

रामनाथ पंधरा फुटांवर उभा होता. मध्ये कुणी नव्हतं, ऊन पाठीवर होतं. त्यानं हात बघितला. बघितल्यासारखं वाटलं वगैरे काही नाही. बघितला! पाची बोटं मोजावीत इतका स्वच्छ बघितला.

शिट्टी तोंडात होती. आणि मांडव उठला. फटाके, हलगी, दादाभाऊ खुर्चीवर चढलेले, शौर्य दोन्ही हात पसरून पळत सुटलेला. हे सगळं एका फुंकरीनं बंद करायचं होतं. एकच फुंकर. आणि मग कोण काय म्हणणार हेही त्याला ठाऊक होतं: बघा, दिला शेवटी आपल्या माणसांना.

तेवढ्यात त्याला एक पळवाट सुचली. अहाहा, काय ती पळवाट! संपतकडं रिव्ह्यू शिल्लक आहे. तो मागणारच. मग आपण मांडवात जाऊ, स्क्रीनवर सगळ्यांना हात दिसेल, गोल रद्द. नाव व्हिडिओचं होईल, आपल्यावर काही यायचं नाही. असा हिशोब करून त्यानं शिट्टी वाजवली आणि हात मैदानाच्या मध्याकडं केला. गोल.

मग तो संपतकडं बघत राहिला. माग रे बाबा. माग ना. संपतचा हात वर आला, बोट निघालं. पण त्यानं आधी लाइनबाहेरच्या गेणभाऊकडं बघितलं, आणि गेणभाऊनं मान हलवली. नाही. संपतचा हात खाली गेला. तो मुकाट्यानं बॉल घेऊन मध्याकडं चालू लागला.

अजूनही वेळ होती. नियम त्याचाच होता, पंचानं स्वतः जाऊन बघावं. मांडव चाळीस पावलांवर. समृद्धी लॅपटॉपवरून मान वर काढून थेट त्याच्याकडं बघत होती. तिला दिसलं असणारच. त्यानं तिच्यावरची नजर काढली, घड्याळ बघितलं आणि खेळ सुरू केला. दोन मिनिटांनी संपवला. दोन-एक.

कळमजाईच्या पोरांनी आरडाओरडा केला असता, शिव्या दिल्या असत्या, तर किती बरं झालं असतं! तसलं काहीच झालं नाही. पोरं रांगेनं आली, हात मिळवून गेली. संपत तर वाकून पाया पडला. लहानपणापासूनची सवय. रामनाथच्या तोंडून "असू दे, असू दे" एवढंच निघालं.

तो पाण्याच्या टँकरमागं तोंड धुवायला गेला. दोनदा धुतलं, तिसऱ्यांदा धुतलं. वळला तर गेणभाऊ उभा. हातात नारळ, त्यावर घडी केलेला टॉवेल आणि कोरी पांढरी टोपी.

"हितंच देतो," गेणभाऊ म्हणाला. "तिकडं स्टेजवर आमचं काय काम? वाडीनं आणलीया. जिंकू नाय तर हरू, द्यायचीच ठरलं व्हतं. पयला पंच आपला."

आणि रामनाथ नको म्हणायच्या आत म्हाताऱ्यानं टाचा उंचावून त्याच्या ओल्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. अगदी रीतसर.

रामनाथला राहवेना. "गेणभाऊ, हात लागला व्हता," तो म्हणाला. कितीतरी वर्षांनी त्याच्या तोंडात घरची बोली आली.

"म्हाईती हाय."

"तुमाला दिसला?"

"मोतीबिंदू काढलाय गेल्या साली. समदं दिसतंय."

"मग रिव्ह्यू का न्हाई मागितला? संपत मागत व्हता. तुमी त्याला न्हाई म्हनला!"

गेणभाऊला राग आलेला नव्हता, तेच तर वाईट. समजावून सांगावं तसं तो म्हणाला, "आरं, पंच आपला व्हता ना. आपल्याच मानसावर मशीन लावायची व्हय? चार लोकांत तुजी काय शोभा ऱ्हायली असती? म्या म्हनलं, त्यानं बघितलंय. दील त्यो. जरा उशीर लागंल, पन दील."

रामनाथनं मान खाली घातली. पायाखालच्या चिखलात बुटाचा ठसा उमटला होता, तो तेवढा बघत राहिला. माफी मागायला तोंड उघडलं, पण कशाची मागायची? गोलाची, पोरांच्या हुकलेल्या लीगची, की ती दोन मिनिटं वाट बघायला लावल्याची?

पिकअपचा हॉर्न वाजला. गेणभाऊ जायला निघाला आणि चार पावलांवर थांबला.

"पुढल्या साली पोरं रिव्ह्यू मागतील," तो म्हणाला. "म्या आत्ताच सांगून ठिवलंय त्येंला. पंच कोन का असंना, मागायचा."

एवढं बोलून म्हातारा गेला. स्टेजवरून लाउडस्पीकरवर सुभाष सरांचा आवाज घुमत होता. त्या दिवशी निवेदन त्यांच्याकडं होतं. "आजच्या सामन्याचे निःपक्षपाती पंच, आपले रामनाथ सर, कृपया व्यासपीठावर यावं! रामनाथ सर!"

जायचं आणि माईक हातात घेऊन सांगून टाकायचं, असं ठरवून तो निघाला. खरंच ठरवलं होतं त्यानं. वाक्यसुद्धा जुळवलं होतं: विक्रांतचा दुसरा गोल हातानं झाला, मी बघितला होता, तरी मी दिला. तीन पायऱ्या चढेपर्यंत ते वाक्य त्याच्या ओठांवर होतं. वर दादाभाऊ दोन्ही हातांत केशरी कापडाचा लांबलचक पट्टा घेऊन उभे होते. समोर अख्खा तालुका, मोबाईल वर धरलेले. "या सर, या! मान राखलात तुम्ही," ते म्हणाले. "डोकं जरा मोकळं करा."

फेटा बांधायला डोकं मोकळं लागतं.

रामनाथनं टोपी काढली. तिची घडी घातली, ट्रॅकपँटच्या खिशात सारली आणि मान पुढं केली. दादाभाऊंनी वेढे घेत घेत घट्ट फेटा बांधला, टाळ्या झाल्या, फोटो झाले. मग सुभाष सरांनी माईक पुढं केला. "सर, दोन शब्द."

माळाखालच्या रस्त्यानं पिकअप चढणीला लागली होती. मागच्या हौद्यात पोरं उभी होती आणि लाउडस्पीकर तिथपर्यंत सहज ऐकू जात होता.

"दोन्ही संघ चांगले खेळले," रामनाथ म्हणाला, आणि माईक परत दिला.