न धुतलेली बाटली

सासूबाईंची सगळी हयात लाँड्री चालवण्यात गेली. डाग दिसला की हात शिवशिवायचे. लाँड्री मुलाच्या हवाली केली, पण हातांची खोड काही गेली नाही. सुनेने बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी मांडली तेव्हा त्यांनी नाक मुरडलं. बोटभर मासे आणि त्यांचे एवढे लाड! मग एकदा त्यांनी पाहिलं, निळ्या रेघेच्या गोबी माशांची चिमुकली जोडी मोठ्या पिवळ्या माशाच्या अंगावर बसून घाण वेचून खात होती आणि तो दांडगोबा गुमान उभा होता.

"ही तर आपल्या धंद्यातली निघाली," त्या म्हणाल्या. तेव्हापासून त्यांचा चहा टाकीसमोरच होऊ लागला.

पुढे त्या जोडीने नळीच्या तुकड्यात अंडी घातली आणि नर तोंडाशी पहारा देत बसला. सुनेचा जीव टांगणीला लागला. आधीची पिल्लं दोनदा उपाशी मेली होती. टाकीतले मासे विकणाऱ्या दुकानदाराने तर हसून सांगितलं होतं, हे मासे समुद्रातून धरून आणायचे, घरात वाढवणं वहिनींचं काम नव्हे. ते तिच्या जिव्हारी लागलं होतं. या वेळी खाणं तयार ठेवलंय, असं तिने सासूबाईंना सांगितलं. त्यांना वाटलं, पुडीबिडी असेल.

पिल्लं बाहेर आली. त्यांना वेगळ्या टाकीत हलवून सून कामावर गेली आणि इकडे सासूबाईंना स्वयंपाकघराच्या खिडकीत हिरव्यागार पाण्याची बाटली दिसली. शी! त्यांनी ती ओतली, साबणाने घासली, लख्ख करून पालथी घातली.

संध्याकाळी सून त्या बाटलीकडे बघतच राहिली. चिडली नाही, तेच वाईट. त्या हिरव्या पाण्यात नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव होते, पिल्लांना दुसरं काही गिळताच येत नाही, एवढंच तिने सांगितलं.

सासूबाईंनी चपला घातल्या. दुकानदार कोळंबीच्या पिल्लांसाठी तसलंच पाणी ठेवतो, हे सुनेच्या बोलण्यात आलं होतं. तो म्हणाला, काकू, कशाला हेलपाटा, जगायची नाहीत ती.

"तुम्ही पाणी द्या. जगवायचं आम्ही बघतो."

जन्मभर लोकांची घाण काढणारी ही बाई त्या दिवशी घाण पाणी उराशी धरून भर रस्त्यातून चालली. लाँड्रीच्या जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं, हे काय? बाळांचं खाणं, म्हणाल्या, आणि मान ताठ ठेवून पुढे गेल्या.

मग ते पाणी खिडकीतल्या बाटलीत वाढवत सासू-सुनांनी पाळ्या लावून पिल्लं भरवली. बरीच गेली. तग धरलेल्यांतलं एक पिल्लू एका सकाळी काचेला चिकटलेलं दिसलं, आणि त्याच्या अंगावर निळी रेघ उमटली होती. हाक ऐकून सून तोंडात ब्रश तसाच ठेवून धावत आली. सासूबाईंचा ऊर अभिमानाने भरून आला. स्वतःच्या लाँड्रीची पाटी लागली तेव्हाही इतका भरून आला नव्हता.

पिल्लं मोठी झाल्यावर दोघी काही दुकानात घेऊन गेल्या. एका गिऱ्हाइकाने विचारलं, कुठल्या समुद्रातले?

"समुद्र कसला? माझ्या सुनेने वाढवलेत. घरी."

दुकानदाराने मान डोलावली. मग जरा घुटमळून म्हणाला, "वहिनी, माझं हिरवं पाणी खराब झालंय. तुमच्यातलं थोडं मिळेल?"

सून काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "मिळेल की. बाटली तेवढी साबणाने धुऊन आणू नका."