आवळीभोजनाच्या वाटेवर

मूसीच्या काठची जुनी शिकारगाह आता सगळ्यांना मोकळी झाली होती, म्हणून यंदाचं कार्तिकातलं आवळीभोजन तिथंच करायचं ठरलं. अफझलगंजहून बसनं गेलो, आणि पुढे नदीकाठची पाऊलवाट धरली. आम्ही दोघं, आणि यांचे दोस्त लक्ष्मणराव व त्यांच्या सत्यवतीबाई. डब्यांची पिशवी घेऊन मी सगळ्यांच्या पुढे. पाय जमिनीवर ठरत नव्हते माझे. नुकतंच हैदराबाद राज्याचे तुकडे झाले होते, मराठी माणसांचे मुंबई राज्याकडे तबादले होत होते, आणि परभणीला माझी आई एकटी होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि मी तिची एकुलती एक. आमचा हुकूम निघाला की मी तिच्याजवळ राहणार होते. वाटेत खंड्या दिसला, बगळे दिसले, पाण्यावर वाकलेली करंजाची झाडं दिसली. खरं सांगायचं तर माझं कशातच लक्ष नव्हतं.

लक्ष्मणराव औरंगाबादला रुजू होऊन सामान न्यायला परत आले होते. तिकडच्या गमती सांगायला त्यांना दम निघत नव्हता.

"वहिनी, आपल्यातल्याच एकानं मराठीत टिपण लिहिलं. सगळी उमर उर्दूत गेली बिचाऱ्याची! पुण्याकडच्या साहेबानं ते अख्ख्या दफ्तरासमोर मोठ्यानं वाचलं. चपराशीसुद्धा हसत होते."

मीही पोट धरून हसले. "मराठी माणूस, आणि मराठी लिहिता येत नाही? कमाल आहे बाई!"

हे हसले नाहीत. झपाझप चालत वळणावरच्या खडकांमागे दिसेनासे झाले. मी धापा टाकत त्यांना गाठलं. ते पाण्याशी पाठमोरे उभे होते.

"रुसलात की काय? बरं, आपला हुकूम कधी निघतोय ते तरी सांगा."

"नाही निघायचा," हे म्हणाले. "मी इथंच ठेवा म्हणून दरख्वास्त दिली होती. मंजूर झाली."

मला वाटलं, थट्टा करताहेत. मग त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं, तर ते हसत नव्हते.

"आणि आई?"

"पद्मा, माझं सगळं शिक्षण उर्दूत झालं. छापलेलं मराठी वाचतो कसंबसं. लिहिता येत नाही."

"काहीतरीच! इतकी वर्षं..."

"इतकी वर्षं परभणीला पत्रं कोण लिहितं?"

मीच लिहीत होते. तुझं अक्षर सुरेख आहे, असं म्हणून हे दौत माझ्यापुढे सरकवायचे, आणि मी फुलून जायची. मला संताप आला. इतका, की तिथल्या ओल्या वाळूकडे बोट दाखवून मी म्हणाले, "लिहा. आईचं नाव लिहा. तारामती."

ते खरंच खाली बसले. बोटानं 'त' काढला, थांबले, पुसला, पुन्हा काढला. मग मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तहसिलीतले लोक ज्याला वचकून असत, तो माझा नवरा मला घाबरला होता. तबादल्याचं ऐकून बसला नव्हता एवढा धक्का मला त्या नजरेनं बसला.

"इथं मराठी माणसाला तेलुगू आली नाही तर कोणी हसणार नाही," ते हळूच म्हणाले. "तिथं मराठी आली नाही तर? आता तूसुद्धा हसलीस."

मागून बोलणं जवळ येत होतं.

"पुसा ते," मी म्हटलं. "लक्ष्मणराव येताहेत."

त्यांनी तळव्यानं वाळू सारखी केली.

आवळीखाली पानं मांडताना लक्ष्मणरावांनी विचारलंच, "मग मुकुंदराव, औरंगाबाद की परभणी?"

यांचा हात पत्रावळीवर तसाच राहिला.

"कुठंच नाही," मी बोलून गेले. "मीच नक्को म्हटलं यांना. हैदराबाद सोडवत नाही हो मला. सुलतान बाजार तिथं कुठला मिळणार?"

लक्ष्मणराव मनापासून हसले. "वा वहिनी! बाजारापायी मुलूख सोडलात की!" त्यांच्याबरोबर मीही हसले. हे खाली मान घालून बसले होते.

सत्यवतीबाई मात्र हसल्या नाहीत. माझा दंड धरून त्यांनी विचारलं, "अगं, पण तुझी आई?"

"ती समजून घेईल," मी म्हणाले आणि भात वाढायला लागले. आईनं माझ्यासाठी मधली खोली चाचपडत सारवून ठेवली होती.