बेचाळिसावा फॉर्म

"म्याडम, ह्याला शास्तर म्हन्त्यात व्हय?" नथूभाऊ पडवीत चहा ओतता ओतता म्हणाले. "पोरी फुडं का शिकत न्हाईत, ह्ये आमच्यातलं शेंबडं पोरगंबी सांगंल. आया सोडत न्हाईत. झालं! त्याला अक्कल पुरती, फॉर्म कशाला पायजेत?"

सत्तावीस वर्षं मी तळेगावच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवतेय आणि हा प्रश्न काही माझी पाठ सोडत नाही. स्टाफरूममध्ये केमिस्ट्रीवाले विचारतात, इथे तिकोणा पेठ गावात नथूभाऊ. पूर्वी मी जाम भडकायचे. आता आधी चहा घेते, मग भांडते.

त्यांची मुलगी सारिका माझी विद्यार्थिनी. पुण्याला एम.ए.ला जायचं तिच्या फार मनात होतं. अर्जाची मुदत परवा संपत होती आणि घरात अजून विषयसुद्धा निघाला नव्हता. प्रकल्पासाठी तिने फॉर्म घेऊन गावातली बेचाळीस घरं पालथी घातली होती. पहिल्या खेपेला सगळीकडे बापेमाणसांनीच उत्तर दिलं, पोरीची आई नको म्हणते. मी फॉर्म तिच्या हातात परत दिले. "आईच्या मनातलं बापाला काय विचारतेस? जा, बायकांना गाठ." बिचारी गिरणीवर, नळावर पुन्हा फिरली.

"मंग? काय म्हनल्या बाया?"

"आमची ना नाही, तिच्या बापालाच पटायचं नाही. एकतीस घरांत हेच, नथूभाऊ. दोघंही एकमेकांना बिचकून गप्प."

"आयला! एका छपराखाली ऱ्हाऊन?" नथूभाऊ मांडीवर थाप मारून हसले. "त्या कैलासच्या घरी आसंल बगा. लय भित्रा हाय त्यो!"

मी बेचाळिसावा फॉर्म काढला. दुसऱ्या खेपेचा रकाना कोरा होता.

"आमच्या घरचं मला माहीतच होतं, मॅडम," माझ्या शेजारी बसलेली सारिका पुटपुटली.

अगं बाई! तीन वर्षं काय शिकवलं मी हिला? मला तिचा रागच आला. मी तिच्या आईला, लीलाबाईंना हाक मारली. त्या पदराला हात पुसत उंबऱ्यात आल्या. पोरीला पुढे शिकवायचं का, हा फॉर्ममधलाच प्रश्न मी विचारला, तर त्या सवयीने नवऱ्याकडे बघायला लागल्या.

"माज्याकडं काय बगतीस? तुला इचारलंय," नथूभाऊ म्हणाले. आता ते हसत नव्हते.

"मी कवा नगं म्हनले?" लीलाबाई म्हणाल्या. "तुमालाच पटायचं न्हाई म्हून बोलले न्हाई. दोन वरसं झाली, तिच्या हास्टेलासाटी वाकळ शिवून ठिवलीया. माळ्यावर हाय."

सारिका आईकडे बघतच राहिली.  नथूभाऊ उठले, शिडी लावली आणि माळ्यावरून ती गोधडी खाली आणली. अंगणात नेऊन दोन्ही हातांनी झटकली. धुरळा बराच उडाला. मग ती पोरीच्या मांडीवर ठेवत त्यांनी विचारलं, "कवा जायाचंय?"