शेंदूर फासलेला मंगळ

मी मंगळ बोलतोय. पत्रिकेत बसून लग्नं मोडणारा तो नव्हे हो! मी अवसरी बुद्रुकचा. पोटात जुना फुटबॉल, त्यावर रद्दीचा लगदा, वरून गेरू. एवढंच माझं ग्रहपण.

मला घडवलं नववीतल्या स्नेहलनं. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या बघून आल्यापासून पोरीच्या डोक्यात आकाश शिरलं होतं. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानानं लेसरनं मोजलेल्या उंचीचा नकाशा समोर ठेवून तिनं माझ्यावर डोंगर उठवले, दऱ्या कोरल्या. एका सपाट मैदानाखाली मात्र बापाच्या ट्रॅक्टरचे जड नट पुरले. मग जड बाजू खाली येते का बघायला मला लोळवलं, तर मी आपला डोंगराला अडकून बसलो. जन्माचाच ऐदी!

तिचा बाप भरत एकच बोलला होता, "तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनातनं जिल्ह्याला गेलीस, तर धाव्वीनंतर सायन्सला घालतो. न्हाईतर ह्ये लगदे-बिगदे बंद."

प्रदर्शनाच्या सकाळी तिनं मला विहिरीजवळ लिंबाखाली वाळायला ठेवलं. तेवढ्यात तिची चुलती गोजरबाई पाण्याला आली. झाडाखाली तांबडा गोल धोंडा! "आगं बया, द्येव परगाटला!" म्हणत ती पळाली, शेंदूर आणि तेल घेऊन आली आणि मला थापायला लागली. खोटं कशाला बोलू, मी लई फुगलो. कुणाला काय आशीर्वाद द्यायचा, तेही ठरवून टाकलं. तोच तिनं नारळ हाणला, तो नेमका माझ्या सगळ्यात उंच डोंगरावर. माझं देवपण तिथंच उतरलं.

स्नेहल आली तेव्हा दऱ्या शेंदरानं बुजलेल्या आणि डोंगर थापून-ठोकून भुईसपाट झालेले. ती मटकन खाली बसून रडली. गोजरबाईचं तोंड एवढंसं झालं. "मला काय ठावं गं पोरी! आमी आपलं तांबडं दिसलं की हात जोडतो." दुसरा मंगळ करायला वेळ कुठला? भरतनं मला तसाच टेम्पोत घातला.

मंचरच्या प्रदर्शनात परीक्षक बाई माझ्यासमोर थांबल्या. "हा मंगळ आहे की मारुती?" सगळा मंडप हसला. मीही हसलो असतो, पण भरत मान खाली घालून उभा होता. मला फार वाईट वाटलं.

स्नेहलनं नाक पुसलं. "बाई, वरचं बुजलं. आतलं हाये अजून." आणि तिनं मला टेबलावर ढकललं.

मी लोळलो, डुललो, थांबलो. तिनं पुन्हा ढकललं, पुन्हा तीच बाजू खाली. तिसऱ्यांदाही तेच. पांढऱ्या चादरीवर तांबडे पट्टे उठले.

"ही जागा वरून सपाट आहे," स्नेहल म्हणाली, "पण खाली जड खडक पुरलाय. यान जवळ आलं की ही जागा त्याला ओढते, त्याचा वेग जरासा बदलतो. मग इथं पृथ्वीवर त्याच्या रेडिओचा सूर बदललेला कळतो. एसटीचा हॉर्न येताना वेगळा आणि जाताना वेगळा वाजतो ना, तसा. यानाच्या अशा हजारो फेऱ्या ऐकून माणसांनी मंगळाच्या पोटातला नकाशा काढलाय."

बाईंनी मला स्वतः ढकलून बघितलं. "वर डोंगर असते तर हा असा लोळला असता?"

"न्हाई बाई, अडकत व्हता. डोंगर आमच्या काकीनं नारळानं फोडला."

मंडप पुन्हा हसला. या वेळी भरतही हसला, डोळे पुसत.

आम्ही जिल्ह्याला गेलो. तिथं नंबर आला नाही. मला देव म्हणून ओळखणारंच कुणी नव्हतं! पण भरतनं शब्द पाळला. स्नेहल आता मंचरला अकरावी सायन्सला आहे आणि मी कपाटावर धूळ खात बसलोय. घरी कुणी आलं की भरत मला खाली काढतो. "पावणं, ढकला की! तीच बाजू खाली येती का न्हाई बघा." कितव्यांदा सांगतोय, याचा हिशेब त्यालाच नाही.

गोजरबाई अजून येता-जाता लांबून हात जोडते. जोडू दे बापडी. तुम्हीही या, ढकला, वाटलं तर पाया पडा. नारळ मात्र शेजारच्या दगडावर फोडा.