हरकत एकच आली

दिवाळी सरली तसा मेडशीकडचा तांडा ऊसतोडीला निघून गेला. घरांना कुलपं लागली. मागं राहिली गोमतीबाई अन् सात-आठ म्हातारी माणसं, त्यातली निम्मी खाटेवर. लेक राजपाल अन् सून संगीता ट्रकात चढले, त्याच दुपारी एक माणूस मोटरसायकलवर आला अन् समाजमंदिराच्या भिंतीला कागद चिकटवून गेला.

गोमतीबाईला वाचता येत नव्हतं. पण शिक्क्याचा कागद आला की गरिबाचं काहीतरी जातं, एवढं तिला ठाऊक होतं. मेडशीत ऑनलाइनची कामं करणाऱ्या धम्मरत्नला तिनं गाठलं अन् मागं लागून तांड्यावर आणलं. त्यानं वाचून सांगितलं : तांड्याला लागून बियाण्याचा जो सरकारी फार्म आहे, त्याला तारेचं कुंपण होणार, कोणाची हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी कळवावी.

"म्हंजे आपल्याले इचारून राह्यले का?"

"इचारूनच राह्यले, काकी."

उभ्या जन्मात सरकारनं तिला काही विचारायची ही पहिलीच वेळ. तिला जरा बरंही वाटलं.

फार्मच्या जमिनीची अरुंद पट्टी ओलांडली की गायरानात विहीर. उन्हाळ्यात तांड्याला तेवढंच पाणी. कुंपण झालं तर दीड किलोमीटरचा वळसा. तिनं राजपालला फोन लावला. उसाच्या फडातून तो ओरडून म्हणाला, आमी येईलोक थांब, तांड्याचा नायक पाहून घेईल. पण तीस दिवस थोडेच थांबणार होते. तिनं धम्मरत्नकडून अर्ज लिहून घेतला, आंगठा लावला, एसटीनं तालुक्याला जाऊन देऊन आली.

पंधरा दिवसांनी सुनावणीचा निरोप आला. धाकट्या लेकीच्या लग्नात घेतलेली ओढणी ओढून ती गेली. साहेब भला निघाला. खुर्ची दिली, चहा पाजला. तिनं विहीर सांगितली, वाट सांगितली, संगीता डोक्यावर दोन अन् कमरेवर एक कळशी कशी आणते तेही सांगितलं. साहेब मान हलवत ऐकत होता, बाबू लिहीत होता. निघताना बाबूनं कागद पुढं सरकवला. यावर काय लिहिलंय, असं तिनं विचारलं.

"हजेरी हाय, काकू. तुमी आल्या होत्या त्याची."

तिनं आंगठा लावला.

जानेवारीत खांब आले, फेब्रुवारीत तार.

एप्रिलमध्ये तांडा परतला अन् कुंपण पाहून पेटला. नायक भाऊसिंग चार माणसं घेऊन ऑफिसात भांडायला गेला. तिथं त्याच्या हातात एक कागद ठेवला गेला. संध्याकाळी समाजमंदिरात सगळे बसले अन् धम्मरत्ननं तो वाचला : हरकत एकच आली. हरकतदार गोमतीबाई यांचे सुनावणीत चर्चेअंती समाधान झाले. अन्य ग्रामस्थांची हरकत नाही. खाली तिचा आंगठा.

ती म्हणाली, हजेरीचा म्हणून लावला. पुन्हा तेच म्हणाली.

"कोनीच गेलं नसतं, तं आमाले मालूम नोयतं असं म्हनता आलं असतं," भाऊसिंग सावकाश म्हणाला. "तुह्या आंगठ्यानं साऱ्या तांड्याचं तोंड बंद केलं."

तिनं राजपालकडं पाहिलं. तो जमिनीकडं पाहत होता.

"याडी, म्या तुले थांब म्हनलं होतं," एवढंच तो आईला बोलला.

सकाळी बाया वळशानं पाण्याला निघाल्या. गोमतीबाईला कोणी हाक दिली नाही. कळशी घेऊन ती मागून मागून चालली. विहिरीवर सगळ्यांचं भरून झालं, अन् तिची पाळी आली तशी संगीतानं दोर गुंडाळून खांद्यावर टाकला अन् बायांबरोबर निघून गेली. मागं वळून पाहिलं नाही.

गोमतीबाईनं डोक्यावरची ओढणी सोडून कळशीच्या गळ्याला बांधली अन् काठावर पालथी पडून हात पुरेल तेवढा खाली सोडला. कळशी पाण्याला टेकली नाही. ती उठली, ओढणी झटकून पुन्हा डोक्यावर घेतली. तारेपल्याड तिचं घर दिसत होतं, दाराच्या कडीसकट. कळशी काठावर ठेवून ती दोर आणायला वळशाच्या वाटेला लागली.