सरपंचांचा फोन तांदळात

निमजाईवाडीची सरपंचकी महिलेसाठी राखीव झाल्याचं कळलं, तेव्हा हौसराव दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी बायकोचा अर्ज भरला. सुलक्षणा निवडून आली. गुलाल हौसरावांनी लावून घेतला, आणि त्या दिवसापासून गाव त्यांना ‘सरपंच’ म्हणायला लागलं. सुलक्षणाला पूर्वीसारखंच ‘वहिनी’.

सरकारी कामाला सरपंचाच्या नावाचा मोबाईल नंबर लागतो. तो सुलक्षणाच्या आधारवर घेतला, आणि सिमकार्ड दुकानातून थेट हौसरावांच्या फोनमध्ये गेलं. स्वतःचा जुना नंबर त्यांनी बंदच करून टाकला. “गावाला सरपंच येकच, तर नंबर बी येकच पायजे,” असं ते चावडीवर सांगायचे. ओटीपी, बैठकांची बोलावणी, गावाची गाऱ्हाणी, सगळं त्यांच्या शर्टाच्या खिशात वाजायचं. त्यातले साहेबलोकांचे फोन ते उचलायचे. बाकीचे वाजू द्यायचे. वाजला की चार माणसं खिशाकडे बघायची, ते त्यांना बरं वाटायचं.

भाद्रपदात गावाखालचा बंधारा भरला. बंधारा आधीच्या सरपंचानं बांधलेला, पाऊस कुणीच पाडलेला नव्हता, पण जलपूजन करायचं हौसरावांनी ठरवलं. सगळा कार्यक्रम फेसबुकवर लाइव्ह दाखवायचा होता. सुलक्षणा आरतीचं ताट घेऊन मागं उभी राहिली. हौसराव भिंतीच्या टोकाशी गेले. डाव्या हातात नारळ, उजवा हात लांब करून त्यात मोबाईल.

“आवं सरपंच, नारळ उजव्या हातानं सोडायचा असतो,” हौशीराम आप्पा म्हणाले. आप्पा गावातले जाणते, कुठल्याही गोष्टीतले.

हौसरावांनी हात बदलले. नारळ उजव्यात, मोबाईल डाव्यात. अडचण एवढीच की हौसराव जन्माचे डावखुरे. “येक, दोन, तीन!” म्हणून त्यांनी स्क्रीनवरच्या स्वतःकडे बघत झोकात हात फेकला. नारळ जागच्या जागी राहिला. घरी बसून लाइव्ह बघणाऱ्यांना आधी आभाळ दिसलं, मग भिंत, मग हिरवं पाणी. त्यातल्या तिघांनी लगोलग हात जोडल्याची चित्रं टाकली.

“मल्हारी! आरं उडी टाक!” हौसराव ओरडले.

मल्हारी गावातला पट्टीचा पोहणारा. अंगावरच्या कपड्यांनिशी त्यानं उडी टाकली. दोनदा गाळ हाती आला, तिसऱ्यांदा मोबाईल. थंडीनं त्याचे दात वाजत होते. हौसराव त्याला म्हणाले, “स्क्रीनला बोटं लावू नगंस, ओरखडे पडत्यात.”

मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं, उलटा धरून झटका. कुणी म्हणालं, उन्हात ठेवा. कुणी केस वाळवायचं मशीन आणायला सुनेकडे माणूस धाडला. रोहिदास तेवढा धावत आला. तो रांजणगावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता.

“पहिलं बंद करा त्यो. सिम काढा. बटनं दाबू नका, चार्जिंगला अजाबात लावू नका. आत्ताच्या आत्ता शिरूरला रिपेअरीला न्या. मी गाडी काढतो.”

“कंपनीत काय मोबाईल पाण्यात टाकत्यात व्हय?” आप्पांनी विचारलं. सगळे हसले. आप्पा म्हणाले, “तांदळात घाला. तांदूळ पानी वढून घेतो. माझ्या भाच्याचा असाच बरा झाला.”

रोहिदासच्या सल्ल्यातलं एकच मानलं गेलं, ते म्हणजे सिम काढणं. त्यासाठी टोकदार काहीतरी हवं होतं. सुलक्षणानं पदराची पिन काढून दिली. रोहिदासनं सिम काढलं, आणि ठेवायला कोरडी जागा नव्हती म्हणून तिच्या तळहातावर ठेवलं.

“संभाळ ते,” हौसराव बायकोला म्हणाले, आणि मोबाईल बनियनला पुसत घराकडे निघाले.

वाटेत त्यांनी सहा वेळा बटण दाबलं. सहाव्यांदा फोन थरथरला. “जित्ता हाय!” म्हणून त्यांनी घरात शिरताच तो चार्जिंगला लावला. थोड्या वेळानं जळका वास आला आणि थरथर कायमची थांबली. मग मात्र आप्पांचं ऐकलं. इंद्रायणी तांदळाचा डबा माजघरात आला आणि फोन त्यात गळ्यापर्यंत पुरला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसं आजाऱ्याला भेटायला यावं तशी यायला लागली. डब्यात डोकावायची, “काय फरक?” विचारायची, चहा प्यायची. हौसराव दर तासाला फोन उकरून काढायचे, एकदा दाबून बघायचे आणि परत पुरायचे. फोन लागला नाही तर लोक काय म्हणतील याचा घोर होताच. म्हणून त्यांनी सुलक्षणाला सांगितलं, “ते सिम तुझ्या डबड्यात घाल. कुनाचा फोन आला तर सांग, सरपंच भाईर गेल्यात. आन् नाव लिहून ठेव. बाकी काय बोलू नगंस.”

सुलक्षणाचा फोन बटणांचा होता, माहेरची खुशाली विचारण्यापुरता. त्यात दुसऱ्या सिमची जागा रिकामी होती. पण सरपंचांचं सिम बारीक पडलं. तिनं आधारची फाईल काढली. सिम ज्या प्लास्टिकच्या चौकटीतून मोडून काढलं होतं, ती चौकट तिनं तिथं जपून ठेवली होती. त्यात सिम बसवलं, आणि फोन तिथंच वाजला.

“हॅलो, सरपंच हायेत का?” बाईचा आवाज होता. वरच्या आळीची कस्तुराबाई.

भाईर गेल्यात, असं सांगायला सुलक्षणानं तोंड उघडलं. पण आपणच फोन कानाला लावून उभ्या, आणि आपणच बाहेर गेलो म्हणून कसं सांगायचं? ती म्हणाली, “बोलतीये.”

 कस्तुराबाईनं सगळं भडाभडा सांगून टाकलं. नळाला दहा मिनिटं पाणी येतं, हौसरावांच्या आळीला तासभर. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, सरपंचांना विचारा. सरपंच फोन उचलत नाहीत. “आकरा येळा लावला बाई म्या. आकरा.”

सुलक्षणा चप्पल घालून निघाली. व्हॉल्व्ह फिरवणारा टाकीपाशी तंबाखू मळत बसला होता. “वहिनी, तुम्ही कशाला?” म्हणाला.

“वरच्या आळीला बी तासभर सोडायचं. आजपासनं.”

“सरपंचांना इचारून सांगतो.”

“विचार की. मी उभी हाय समोर.”

मळलेला तंबाखू त्यानं तोंडात टाकला. मग त्यानं व्हॉल्व्ह फिरवला.  घरी येताना चांगलं वाटतंय की भीती वाटतेय, हे सुलक्षणाला स्वतःलाच उमगेना.

दुपारी ग्रामसेवकांचा फोन आला. “साहेब, ओटीपी आला असेल बघा. तेवढा सांगा पटकन.”

“कशाचा, भाऊसाहेब?”

भाऊसाहेब गडबडले. “कोण, वहिनी का? काही नाही, नेहमीचंच. शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाचं काम पूर्ण झाल्याचं वर पाठवायचंय.”

ते काम सुलक्षणानं झेंडावंदनाला पाहिलं होतं. चार भिंती होत्या. वर आभाळ, खाली गवत, दाराच्या जागी एक बाभळीची फांदी. ठेकेदार होता दत्ता, हौसरावांचा मावसभाऊ.

“वहिनी, साहेबांना फोन देता का जरा?”

“साहेब फोनपाशीच बसल्यात. फोन तांदळात हाय. तुम्ही असं करा, भाऊसाहेब, उद्या शाळेत या. दोघं मिळून बघू, पुरं झालेलं दिसलं तर लगीच सांगते ओटीपी.”

“ओटीपी दहा मिनिटांत जातो हो.”

“मग नवा मागवू,” ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी फोन काही केल्या उठेना, तेव्हा हौसराव रोहिदासच्या गाडीवर बसून शिरूरला गेले. एसटी स्टँडजवळ मोनालीचं रिपेअरीचं दुकान होतं. वयानं तिशीची, कपाळावर भिंग सरकवलेलं, हातात चिमटा. तिनं फोन उलटा करून हलवला. टेबलावर दोन तांदूळ पडले.

“तांदळात कुणी घालायला सांगितलं?”

“आप्पांनी.”

“आप्पा मोबाईलचं काम करतात?”

“न्हाई, ते जाणते हायेत.”

मोनालीनं चार्जिंगच्या भोकातून पिठाचा लगदा काढून दाखवला. “तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, काका. हे पीठ मात्र आत जाऊन बसतं. पाण्यात पडल्या पडल्या आणला असता तर तासात झाला असता. चार्जिंगला लावला होता?”

“वाईच.”

“बटण किती वेळा दाबलं?”

हौसराव दुकानातल्या कव्हरांकडे बघायला लागले.  हसू दाबण्यात रोहिदासचा जीव चालला होता.

मोनालीनं फोन उघडला, आतला गाळ स्पिरिटनं आणि ब्रशनं धुतला, गरम हवेवर वाळवला, बॅटरी बदलली. दोन तासांनी स्क्रीन उजळली. हौसरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“चालू झाला,” ती म्हणाली, “पण माईक गेलाय. चार्जिंगला लावला तेव्हा जळला. पार्ट पुण्याहून मागवावा लागेल. तोवर तुम्हाला पलीकडचं सगळं ऐकू येईल, तुमचं पलीकडं काही जाणार नाही. इअरफोन लावलात तर बोलता येईल.”

“सरपंचानं कानात वायर घालून हिंडायचं का?” हौसराव म्हणाले.

गावात येताच त्यांनी सिमसाठी बायकोला हाक मारली. ती घरात नव्हती. शाळेत गेली होती. हौसराव तिथं पोचले तेव्हा सुलक्षणा त्या चार भिंतींच्या आत उभी होती, सोबत ग्रामसेवक, हेडबाई, कस्तुराबाई आणि पाच-सहा पोरींच्या आया. ग्रामसेवक कागदावर ‘काम अपूर्ण’ लिहीत होते आणि प्रत्येक अक्षर लिहिताना कण्हत होते.

“सिम दे,” हौसराव म्हणाले.

सुलक्षणानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “ते माझ्या नावावर हाय.”

“म्हंजी?”

“म्हंजी तुम्ही तुमच्या आधारवर दुसरं घ्या.”

“लोकं मला फोन करत्यात त्याच्यावर!”

“करत व्हते,” कस्तुराबाई म्हणाली, “आकरा येळा.”

बाया हसल्या. हौसरावांनी ग्रामसेवकांकडे बघितलं. ग्रामसेवकांनी कागदाकडे बघितलं. घरी गेल्यावर बघतो तुला, असं हौसराव तोंडातल्या तोंडात म्हणाले. पण घरी गेल्यावर सुलक्षणाचा फोन सारखा वाजत होता, आणि प्रत्येक फोन ती उचलत होती, त्यामुळे त्यांना बघायला सवड मिळाली नाही.

हौसरावांनी नवा नंबर घेतला. चार दिवस त्यावर कंपनीच्या जाहिरातींखेरीज काही आलं नाही. पाचव्या दिवशी दत्ताचा फोन आला. चावडीवर माणसं बसली होती, म्हणून हौसरावांनी ऐटीत उचलला.

“दादा, वहिनीनं माझं काम अडवलंय. आता पत्रे टाकावे लागत्यात, दारं लावावी लागत्यात. तुम्ही काय करताय?”

“मी बघतो,” हौसराव म्हणाले.

“हॅलो? दादा?”

“बघतो म्हनलं की!”

“हॅलो... कट झाला वाटतं.” मग फोन न ठेवताच दत्ता शेजारच्या कुणाला तरी म्हणाला, “बायकूला भ्यायलाय. आरं, त्याला कोन इचारतंय? त्या सिमला मान व्हता, ह्याला वाटायचं आपल्यालाच हाय.”

दुसरा कुणीतरी खदाखदा हसला. हौसराव फोन कानाला तसाच लावून बसले होते. चावडीवरची माणसं बघत होती, म्हणून ते मधूनमधून मान हलवत होते आणि “व्हय, व्हय, बरोबर” म्हणत होते. दत्तानं फोन ठेवेपर्यंत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

पुढच्या आठवड्यात पत्र्यांचा टेम्पो शाळेच्या आवारात आला. सुलक्षणानं उभं राहून पत्रे उतरवून घेतले, दोन वाकलेले निघाले ते परत पाठवले. हौसराव तिथं नव्हते. माईकचा पार्ट लवकर यावा म्हणून ते स्वतःच पहाटेच्या एसटीनं पुण्याला गेले होते.