मुकी विनंती

"कांदे चिरायला येणार असाल तर आत या, ब्रदर लॅमार. नाहीतर दार लावून घ्या, माशा येतात," नेल्डा मान वर न करता म्हणाली.

पाळक आत आले आणि दाराला टेकून उभे राहिले. चर्चच्या स्वयंपाकघरात तीन मोठ्या पातेल्यांत कोंबड्या शिजत होत्या. दुपारी म्हाताऱ्या ऑर्व्हिल पेकचा दफनविधी होता आणि त्यानंतर शंभरेक माणसं जेवायला बसणार होती. गेली बावीस वर्षं या चर्चमधलं कुणीही गेलं, की मागे राहिलेल्यांना जेवू घालण्याचं काम नेल्डा क्रॅबट्रीचं. एरवी ती गावच्या शाळेत स्वयंपाकीण होती. जूनमध्ये शाळेला सुट्टी लागली की तिचा सगळा मुक्काम इथेच असे, आणि इथली किल्ली बारा महिने तिच्या गळ्यात.

ब्रदर लॅमार स्वभावाने मऊ. कुणाला टोचून बोलायचं असलं की आधी तब्येतीची चौकशी करत. त्यांनी नेल्डाच्या गुडघ्याची केली, तिच्या नवऱ्याच्या, हॉलिसच्या, रक्तदाबाची केली आणि मग खिशातून फोन काढला.

"हे तुम्हीच लिहिलंय ना, सिस्टर?"

"वर नाव माझंच आहे की."

"एक्केचाळीस हजार लोकांनी पुढे पाठवलंय. डीकन मंडळींनी काल माझा फोन खाली ठेवू दिला नाही. अहो, शास्त्राचं लिहा, कोण नको म्हणतंय? पण तुम्ही लिहिलंत, की आपण मत कुणाला दिलं याचा देव जाब विचारेल. हे राजकारण झालं."

"म्हणजे विचारणार नाही असं म्हणता?"

ब्रदर लॅमारनी फोन परत खिशात ठेवला. रविवारपर्यंत ते काढून टाकावं आणि सभेपुढे येऊन दोन शब्द बोलावेत, एवढंच मंडळींचं म्हणणं होतं. नाहीतर मग किल्लीचं काय ते, असं पुटपुटून त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. नेल्डाने किल्ली कपड्यांच्या आत सरकवली आणि कांदा चिरायला घेतला.

नेल्डा काही बंडखोर बाई नव्हती. नवव्या वर्षी तिने नदीत बुडी मारून बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरच्या चौपन्न वर्षांत तिचे रविवार बोटांवर मोजण्याइतकेच चुकले. गर्भपाताविरुद्धच्या मोर्चात दर जानेवारीला ती राजधानीत, लिटल रॉकच्या थंडीत फलक धरून उभी राहायची, आणि अजूनही राहते. पण दोन वर्षांपूर्वी शाळेत एक पहिलीतली पोर ताटातलं अर्धं जेवण रुमालात बांधताना तिला दिसली. बाप कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला होता, कागदपत्रं नाहीत म्हणून त्याला सरकारी माणसं घेऊन गेली होती आणि आई भीतीने घराबाहेर पडत नव्हती. नेल्डाने ताट पुन्हा भरून दिलं. पण ते तिच्या डोक्यातून काही जाईना.

मग ती एका बोटाने फेसबुकवर लिहायला लागली. शास्त्रात परक्याशी कसं वागावं म्हटलंय, आणि आपण कसं वागतो. पोटातल्या बाळासाठी आपण रस्त्यावर उतरतो, मग जन्मलेल्या लेकरासाठी का नाही? असं काहीबाही. गावातून एखाददुसरा अंगठा यायचा. पण देशभरात विखुरलेली तिच्यासारखीच माणसं तिला सापडली. तितकीच देवभोळी, तीच गाणी म्हणणारी, आणि आपापल्या चर्चमध्ये तितकीच एकटी पडलेली. त्यांच्या गटाचं नाव 'माझा शेजारी कोण'. गट चालवणारी कॅरिस ही नॅशव्हिलची तिशीतली पोरगी, पाळकाचीच मुलगी. ती हिला नेल्डाआजी म्हणायची आणि मग सगळेच म्हणू लागले. चार लोकांनी वाहवा केली की माणसाला बरं वाटतं. नेल्डालाही वाटायचं, खोटं कशाला बोला.

आता त्या एक्केचाळीस हजारांविषयी.

दर बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थनासभा असते. ब्रदर लॅमार पांढऱ्या फळ्यापाशी पेन घेऊन उभे राहतात आणि एकेक जण विनंती सांगतो. कुणाचं ऑपरेशन, कुणाची नोकरी, कुणाचा दारूत बुडालेला जावई. ज्याला सांगायचं नसेल तो नुसता हात वर करून "एक मुकी" म्हणतो. पाळक फळ्यावर एक उभी रेघ ओढतात आणि काय, कुणासाठी हे न विचारता सगळी सभा त्या रेघेसाठी प्रार्थना करते. पुढेही कुणी विचारत नाही, तशी रीतच आहे. नेल्डाला ही रीत कधी पटली नव्हती. देवाकडे मोघम मागू नये, पाऊस हवा असेल तर किती इंच ते सांगावं, अशा आईच्या हाताखाली ती वाढली होती. तिच्या स्वतःच्या विनंत्या इतक्या तपशीलवार असत, की ब्रदर लॅमारना फळा पुरत नसे.

त्या बुधवारी मागच्या बाकावरून रोसेलियाने हात वर केला आणि हलक्या आवाजात मुकी मागितली. ग्वातेमालाची ही बाई दीड वर्षापासून दोन मुलींना घेऊन यायची. नेल्डाने तिला स्वयंपाकघरात ओढली होती. भांडी कुठे लावायची ते शिकवलं, आणि दुसऱ्याचं भांडं कधी रिकामं परत करायचं नसतं हेही शिकवलं. सभेनंतर पातेली पुसता पुसता रोसेलियाने तिला सगळं सांगितलं. गाडीचा मागचा दिवा फुटला म्हणून पोलिसांनी तिच्या नवऱ्याला, एफ्राइनला, थांबवलं होतं आणि चार दिवस झाले तो कुठे आहे तेही कळत नव्हतं. तिची स्वतःचीही कागदपत्रं नव्हती.

गुरुवारी सकाळी नेल्डाने ओव्हनमधून काढलेला कोंबडी-भात काचेच्या भांड्यातून तिच्याकडे पोचवला आणि घरी येऊन लिहायला बसली. ती भयंकर संतापली होती. प्रार्थना करा, नेमकी करा, असं लिहून तिने नेमकं काय मागायचं तेही लिहिलं. आमच्या मागच्या बाकावर बसणारी बहीण, पिवळ्या रिबिनी लावणाऱ्या तिच्या दोन मुली, पशुखाद्याच्या जुन्या दुकानामागचं त्यांचं ट्रेलर-घर, कारखान्यात रात्रपाळीला कोंबड्यांची हाडं काढणारा नवरा. शेवटी, आपण मत कुणाला दिलं याचा देव जाब विचारेल, असंही लिहिलं. नाव लिहिलं नाही. नाव न लिहिण्याइतकी काळजी आपण घेतली, असंच तिला वाटलं होतं.

ऑर्व्हिल पेकच्या मंडळींचं जेवण उरकून ती घरी आली तेव्हा हॉलिस फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात बसला होता. हॉलिस कमी बोलणारा माणूस. चर्चचा कारभार पाहणाऱ्या डीकनांपैकी एक असल्यामुळे गेले तीन दिवस त्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांना तोंड देणं जड झालं होतं, पण बायकोला त्याने एका शब्दाने विचारलं नव्हतं.

"हे बघ," तो म्हणाला. "बक टिलमनने टाकलंय."

बक टिलमन चर्चमध्ये गाणाऱ्यांत होता. त्याने गाडीतून व्हिडिओ काढला होता. पशुखाद्याचं जुनं दुकान, मागची कच्ची वाट आणि ट्रेलरच्या पायरीवर वाळत घातलेले लहान मुलींचे फ्रॉक. "फेसबुकवरची आजी ज्यांच्यासाठी रडतीये ना, ते इथं राहतात," बक सांगत होता. "सरकारी माणसांना कळवायचं असेल त्यांनी कळवून टाका."

 नेल्डा तशीच, अंगावरच्या एप्रनसकट गाडीत बसली.

ट्रेलरचं दार साखळीपुरतं उघडलं. आत मुली आवाज बंद करून टीव्ही बघत होत्या.

"रोसेलिया, मी नाव नाही गं लिहिलं. कुठेच नाही."

"नाव कशाला लागतं, दोन्या नेल्डा? मागच्या बाकावर दुसरं कोण बसतं?"

रोसेलिया तिला मानाने दोन्या म्हणायची, आजही तसंच म्हणाली. नेल्डा सांगत राहिली, की हजारो लोक तुझ्यासाठी प्रार्थना करताहेत, गटातली एक वकील बाई मदतीला तयार आहे. सांगताना आपलाच आवाज तिला पोकळ वाटायला लागला.

"मी मुकी मागितली होती," रोसेलिया म्हणाली. "देवाला सांगितलं आणि तुम्हाला सांगितलं. आणखी कुणाला सांगायचं नव्हतं."

"पोरींना घे आणि आमच्याकडे चल. आत्ता. वरची खोली रिकामीच आहे."

रोसेलियाने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर नेल्डाने तो सोसला असता.

"तुमचं घर तर आता सगळ्या जगाला माहीत झालंय," ती म्हणाली आणि हळूच दार लावून घेतलं.

गाडीत बसूनच नेल्डाने ते लिखाण काढून टाकलं. पाच मिनिटांत कॅरिसचा निरोप आला. आजी, का काढलंस? एका वर्तमानपत्राचा माणूस तुझ्याशी बोलणार होता, यामुळे कितीतरी कुटुंबांचं भलं झालं असतं. पोरगी मनाने चांगली होती आणि खरंच कळवळून लिहीत होती. नेल्डाने उत्तर दिलं, की त्या कितीतरी कुटुंबांमधलं एक मी आज मोडलं. मग तिने गटावर आपली चूक जशी घडली तशी लिहिली, या वेळी कुणाचाही ठावठिकाणा न देता. ते चौदा जणांनी वाचलं.

रविवारी चर्च भरलेलं होतं. सिस्टर नेल्डाने मंडळींचा मान राखून ते लिखाण मागे घेतलं, प्रभूचे आभार, असं ब्रदर लॅमारनी व्यासपीठावरून सांगितलं. इकडून तिकडून "आमेन" आले. शेजारच्या बाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. एवढ्यावर सगळं मिटलं असतं आणि किल्लीही राहिली असती. नेल्डा उठून उभी राहिली.

"ब्रदर लॅमार, तुम्ही सांगितलंत म्हणून नाही काढलं मी," ती म्हणाली. "परक्यांबद्दल जे लिहिलं ते माझं अजूनही म्हणणं आहे आणि उद्याही राहील. पण एका बाईने विश्वासाने सांगितलेलं मी चव्हाट्यावर मांडलं. ते पाप आहे. माफी मागायची तर तिची मागायला हवी, आणि ती आज आलेली नाही."

सगळ्या माना एकदम मागे वळल्या. गाणाऱ्यांत उभ्या असलेल्या बक टिलमनचीही वळली. मागचं बाक रिकामं होतं. नेल्डाच्या तेव्हा लक्षात आलं, की आपण पुन्हा तेच केलं. नाव न घेता सांगितलं आणि सगळ्यांना कळलं. ज्यांनी बकचा व्हिडिओ पाहिला नव्हता त्यांनाही कळलं.

 गळ्यातली किल्ली काढून तिने पुढच्या मेजावर ठेवली आणि ती चालत बाहेर गेली. हॉलिसने टोपी उचलली आणि तिच्यामागे निघाला.

दोन दिवस ती ट्रेलरच्या बाजूला फिरकली नाही. आपण गेलो की बघणारे आणखी बघतील, अशी भीती वाटत होती. मंगळवारी दुपारी राहवेना म्हणून गेली. दार उघडंच होतं. आत गाद्या नव्हत्या, भांडी नव्हती, मुलींचे फ्रॉक नव्हते. कुणी त्यांना नेलं, की ती आपणहून निघून गेली, ते सांगायला कुणी नव्हतं. नेल्डा दारातच उभी राहून रडली.

खाली उतरताना पायरीच्या कडेला तिला आपलं काचेचं भांडं दिसलं. तळाला चिकटपट्टीवर तिच्याच अक्षरात क्रॅबट्री लिहिलेलं. भांडं लख्ख घासलेलं होतं, वर चांदीचा कागद नीट दुमडून लावला होता. कागद उचलला तर आत दोन ओंजळी काळ्या घेवड्याचे दाणे, एक कांदा आणि मिठाची पुडी होती. घाईघाईत घर सोडतानाही त्या बाईने ते रिकामं परत केलं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी नेल्डा चर्चमध्ये आली. ही येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. नेहमीच्या दुसऱ्या रांगेकडे न जाता ती मागच्या बाकावर, रोसेलियाच्या जागेच्या शेजारी बसली. हॉलिस गुडघे सावरत तिच्याजवळ टेकला. स्वयंपाकघराची किल्ली आता दुसऱ्याच बाईच्या गळ्यात होती आणि कॉफी जरा करपल्याचा वास येत होता.

फळ्यावर विनंत्या चढत गेल्या. पेकबाईंचं एकटेपण, कुणाचा मोतीबिंदू, खालच्या रस्त्यावरच्या पोराचा अपघात. नेल्डाने हात वर केला तेव्हा चारदोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आता ही पुन्हा सगळं काढणार, असं त्यांना वाटलं असावं. ब्रदर लॅमारनी पेनाचं टोपण एकदा लावलं आणि पुन्हा काढलं.

"बोला, सिस्टर नेल्डा."

"एक मुकी," नेल्डा म्हणाली.

ब्रदर लॅमारनी पेन तसंच उचलून धरलं. ती आणखी काही बोलेल, अशी त्यांना बावीस वर्षांची सवय होती. नेल्डाने हात खाली घेतला. मग त्यांनी फळ्यावर एक उभी रेघ ओढली आणि पुढच्या हाताकडे वळले.